सात वखारींचा एक भाव

शहापूरच्या कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानाला लागून पत्र्याची एक खोली आहे. तिथे अॅडव्होकेट कमळ वेखंडे बसते. गुरुवारी मात्र ती ठाण्याला, ग्राहक आयोगात असते आणि शुक्रवारी मुरबाडला. खोलीत कोणी आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पावती आणलीत?" नाव नंतर, गाव नंतर. आलेला माणूस बहुतेक वेळा ओशाळतो. इतकी वर्षं ज्या दुकानातून माल घेतला तिथे पावती मागायची कशी? शेठला वाटेल, यांचा माझ्यावर भरोसा नाही. फसवलं गेल्यावरही फसवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून जपणारी माणसं आपल्याकडे ढिगाने आहेत. कमळ पंधरा वर्षं या भिडेशी भांडते आहे आणि भीड काही हटायला तयार नाही.

तिचं नाव झालं ते रखमीच्या कुकरमुळे. रखमी तानसा धरणाच्या बाजूची. नवा कुकर फुटला आणि तिचा अर्धा चेहरा भाजला. कंपनीचा वकील म्हणाला, बाईला कुकर वापरता येत नव्हता आणि तो तिने विकत घेतल्याचा पुरावाही नाही. खरंच नव्हता, कारण कुकर लग्नात आहेर म्हणून आलेला. कमळने रखमीच्या सासरी जाऊन आहेराची यादी काढली, त्यातून कुकर देणारा मामा शोधला. मामाने बिल देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलं होतं. केस चार वर्षं चालली. निकालाच्या दिवशी रखमीने पदर चेहऱ्यावरून काढला आणि आयोगासमोर उघड्या चेहऱ्याने उभी राहिली. कमळला नुकसानभरपाईपेक्षा तेच जास्त लक्षात आहे.

हे सगळं कमळला शिकवलं तिच्या वडिलांनी, असं ती कोणालाही अभिमानाने सांगायची. जयराम वेखंडे मुरबाडच्या जगदीशशेठच्या गवताच्या वखारीत अडतीस वर्षं वजनकाट्यावर होते. दिवाळीनंतर डोंगरातलं गवत कापून लोक वखारीवर आणतात, तिथे यंत्रात दाबून त्याच्या गाठी बांधतात आणि ट्रक भरून मुंबईकडच्या तबेल्यांना पाठवतात. जयरामच्या काट्यावर कधी कोणाचं किलोभर गवत कमी भरलं नाही. कातकरी बाई असो की गावचा पाटील, काटा थांबेपर्यंत ते बोट लावू देत नसत. अशा माणसाच्या घरात वाढलेली मुलगी दुसरं कुठलं काम करणार? शेठही माणूस दिलदार. कमळला वकिलीची सनद मिळाली तेव्हा पहिला काळा कोट त्यांनीच शिवून दिला.

तर अशा कमळकडे एका थंडीत चिमा आली. चिमा उंबरमाळीकडची, माहेरची नाती मुरबाडच्या डोंगराखाली. शेतकऱ्यांचे माळ कापायला घ्यायचे आणि गवत वखारीला घालायचं, हा तिच्या घराचा धंदा. तिच्याकडे पावती नव्हती. ती काही विकत घेणारी नव्हतीच.

"वकीलबाय, टेम्पो भरून जगदीशशेठकडं नेला. भाव पडलाय बोलला. मी बोलली, मंग नाय घालत. दुसरीकडं गेली, तोच भाव. तिसरीकडं तोच. चवथ्या वखारीवाला गवत बघायला उठला पन नाय. बोलला, तू सकाळी जगदीशशेठकडं व्हतीस ना, तिकडंच घाल." चिमा थांबली. "मी सकाळी कुठं व्हती ते त्याला कसं कळला?"

कमळ आधी सवयीने म्हणाली की ग्राहक कायदा घेणाऱ्यांसाठी आहे, विकणाऱ्यांसाठी नाही. चिमाने मान हलवली आणि जायला उठली. तिला बसवून घेताना कमळला आपलीच लाज वाटली. कॉलेजात कधीतरी परीक्षेपुरता वाचलेला दुसरा एक कायदा होता, स्पर्धेचा. मोठमोठ्या कंपन्यांसाठीचा म्हणून तो तिने बाजूला टाकला होता. तो तिने महिनाभर बसून वाचला. विकणाऱ्यांनी आपसात ठरवून भाव चढवायचा नाही, तसा घेणाऱ्यांनी ठरवून पाडायचाही नाही. तो सिमेंटसारख्या मोठ्या मालापुरताच आहे असं त्यात कुठे लिहिलं नव्हतं आणि गवताला लागू नाही असंही नव्हतं. तिने चिमाच्या नावाने दिल्लीला स्पर्धा आयोगाकडे अर्ज केला. कोर्टातल्या मंडळींनी तिची यथेच्छ थट्टा केली. "वेखंडेबाई, दिल्लीला गवत पाठवताय म्हणे?" आठ महिन्यांनी आयोगाने चौकशीचा आदेश दिला तेव्हा थट्टा बंद झाली.

आता खरी अडचण. सातही वखारवाल्यांनी एकच उत्तर दिलं, भाव बाजार ठरवतो. कागद कुठेच नव्हता. सातजण ठरवून भाव पाडतात हे डोळ्यांनी पाहिलेला कोणीतरी हवा होता. तो कोण, हे कमळला अर्ज लिहितानाच माहीत होतं.

दर दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की जगदीशशेठ आणि आणखी दोन मोठे वखारवाले शेठच्या गादीवर बसायचे आणि भाव ठरायचा. उरलेल्या चार वखारींना तो जाऊन सांगायचं काम जयरामचं. हंगामात भाव बदलला की पुन्हा फेरी. आधी सायकलवर, मग मोपेडवर. सरळगावच्या रस्त्यापासून पार टोकाच्या वखारीपर्यंत. हातात चिठ्ठी नाही, फक्त तोंडाने. घरी येऊन ते सांगायचे, "फोन आला, मोबाइल आला, तरी शेठ मलाच धाडतात. बोलतात, जयरामच्या तोंडावर भरोसा. आकडा इकडचा तिकडं व्हनार नाय." हे बोलताना त्यांचा आवाज वेगळाच यायचा. लहानपणी कमळने तो इतक्यांदा ऐकला होता की तिला आपल्या बापासारखा मोठा माणूस तालुक्यात दुसरा वाटत नसे.

ती टोकावड्याला, गावी गेली. जयराम निवृत्त होऊन ओटीवर बसलेले. तिने सगळं सांगितलं, जबाब द्यावा लागेल, शेठच्या विरोधात जाईल, शेठला मोठा दंड होईल. जयरामनी आधी एवढंच विचारलं.

"मला खोटा बोलायला तर नाय सांगनार?"

"नाय, आबा. जे केलंत तेच सांगायचं."

"मंग शेठला कसला दंड? सात वखारी, एक भाव. कुनाला कमी नाय, कुनाला जास्त नाय. दोन पोरांना जेवाय वाढताना आपन एकाला कमी वाढतो का? ह्याच्यात गुन्हा कुठं आला, गो?"

कमळने हरप्रकारे समजावलं. चिमाकडे सात दारं होती आणि सातही दारांमागे एकच माणूस बसला होता, असंही सांगितलं. जयरामना ते पटेना. त्यांच्या लेखी एक भाव म्हणजेच न्याय होता, आणि तो न्याय त्यांनी स्वतः उन्हातान्हात पोचवला होता. शेवटी ते म्हणाले, "तुजा काम हाय ना? येईन मी. खऱ्याला काय भ्यायचा."

एक गोष्ट मात्र कमळने त्यांना सांगितली नाही. फोन असताना शेठ त्यांना का पाठवायचे, ही. ते कारण तिला अर्ज लिहितानाच कळलं होतं. लपवणं म्हणजे फसवणंच, मग तोंडाने खोटं बोलला नसलात तरी, असं जी बाई ठाण्याच्या आयोगासमोर हजारदा म्हणाली असेल, ती बापासमोर गप्प राहिली. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते तिला सोयीचंही होतं.

जबाब मुरबाडच्या सरकारी विश्रामगृहात झाला. स्पर्धा आयोगाचे चौकशी अधिकारी मराठी होते, साताऱ्याकडचे, बोलायला मऊ. कमळला म्हणाले, "मुलगी म्हणून बसा, वकील म्हणून नाही. मध्ये बोलायचं नाही." ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

जयराम धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आले होते. वजनकाटा, दसरा, तीन शेठ, चार वखारी, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. कुठल्या साली कुठला भाव, हेसुद्धा. लिहून घेणारा मुलगा त्यांच्याकडे कौतुकाने पाहायला लागला. जयरामना ते दिसलं असावं, कारण ते जरा ताठ बसले. कमळला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग अधिकाऱ्यांनी कागदांचा एक गठ्ठा पुढे ओढला. "जयरामकाका, शेठच्या फोनचा हा दहा वर्षांचा तपशील. इतर सहा वखारवाल्यांना लग्नाचे फोन आहेत, दिवाळीचे आहेत. पण ज्या ज्या दिवशी भाव बदलला, त्या त्या दिवशी एकही फोन नाही. सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना ते तुम्हाला गाडीवर का पाठवायचे?"

जयरामच्या चेहऱ्यावर हसू आलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? "साहेब, त्याचा असा हाय, शेठचा माज्यावर..."

ते थांबले. गठ्ठ्याकडे पाहिलं. त्यांनी कमळकडे पाहिलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिची कड बोटांनी सरळ करत राहिले.

"लिवा, साहेब," अखेर ते म्हणाले. "फोन केला तर मागं कायतरी ऱ्हातं. चिठ्ठी लिवली तर मागं कायतरी ऱ्हातं. माज्या मागं काय ऱ्हात नव्हता. म्हनून मला धाडायचे."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुनी नाय. आत्ता समजला." मग लिहून घेणाऱ्या मुलाकडे वळून, "माजा नाव पन लिवा. भाव मी नेला. अडतीस वर्सं मी नेला."

पुढचं सांगून टाकलेलं बरं. दीड वर्षाने आदेश आला. सातही वखारींना दंड झाला, त्यावर अपील झालं, ते अजून चालू आहे. दसऱ्याची बैठक बंद पडली. दोन वखारींचा भाव आता निराळा असतो, फार नाही, पण असतो, आणि चिमा टेम्पो कुठे वळवायचा ते स्वतः ठरवते. कमळचं नाव वर्तमानपत्रात आलं. कोर्टातल्या मंडळींनी पेढे मागितले, तिने आणले, स्वतः खाल्ला नाही.

पण ते नंतर. त्या दिवशी सही करून बापलेक विश्रामगृहातून चालत एसटी स्टँडवर आले. टोकावड्याच्या गाडीला वेळ होता. जयराम बाकड्यावर बसले. कमळने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"तुला ठावं व्हता?"

ती खोटं बोलू शकली असती. "व्हय," ती म्हणाली.

"कवापासना?"

"अर्ज लिवला तवापासून."

समोरून कल्याणची जीप माणसं ओरडून बोलवत गेली. जयराम तिच्याकडे पाहत राहिले, रागाने नव्हे. राग असता तर कमळला सोसला असता.

"मंग घरी का नाय सांगितलास? साहेबाच्या म्होरं कळाय पायजे व्हता मला?"

म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून, असं ती म्हणणार होती. इतके दिवस तेच उत्तर तयार होतं. पण त्या बाकड्यावर ते तोंडातून निघेना.

"सांगितलं असतं तर तुमी आला नसता, आबा. मला तुमचा जबाब हवा होता."

जयरामनी टोपी डोक्यावर चढवली. गाडी फलाटाला लागत होती, लोक उठून दाराशी जमू लागले. तेही गुडघ्यावर हात देऊन उठले.

"आलो असतो, गो," ते म्हणाले. "जानून आलो असतो."

आणि ते एकटेच गाडीत चढले.