आटपाडीहून अस्वलाच्या भेटीला

जावयानं सासऱ्याला काशीला न्यावं, फार तर मिरजेच्या दवाखान्यात. मी माझ्या सासऱ्यांना अस्वल दाखवायला निघालो होतो.

मिरजेला आम्ही जाऊन आलोच होतो. काचबिंदूनं सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा, उजवा डोळा गेलेला, डावाही पावसाळ्यापर्यंत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. घरात रडारड झाली. तात्यांनी मात्र घोंगडं झटकलं. "रडून काय डोळं बरं हुत्यात? जल्मभर मेंढरं बगितली. दिसतंय तवर एकदा रानातलं अस्वल दावा."

तात्यांचा जन्म माणदेशात मेंढरांमागं गेलेला. तिकडे सावलीला झाड मिळायची मारामार, अस्वल कुठून मिळणार? निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, दावल्याबिगर आणू नगा. पुन्ना बगायला डोळं ऱ्हायाचं न्हाईत." मी शाळामास्तर. अस्वल मी तरी कुठं पाहिलं होतं? पुस्तकातल्या चित्रात, तेही शाई उडालेलं. पण जावई म्हटल्यावर होकार द्यावाच लागतो.

लढाई संपली तरी पेट्रोलची टंचाई होती, त्यामुळे मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. विट्याच्या चढाला ती धापा टाकत थांबली आणि सगळे उतरून ढकलू लागले. तात्या तेवढे आत बसून राहिले. वर म्हणाले, "गाबन मेंढीला असं ढकलीत न्हाईत, गड्या. इसावा द्या." विसावा दिल्यावर मोटार खरंच चालू झाली, तेव्हापासून ड्रायव्हर त्यांना विचारूनच गाडी थांबवू लागला.

मेढ्याला गणपतराव भेटले. ब्रह्मदेशातल्या लढाईवरून नुकतेच परतलेले शिपाई, आमच्या हेडमास्तरांचे मेहुणे. "जपानी बगितलेत, अस्वलाचं काय घिऊन बसलाय!" असं म्हणून त्यांनी मिशीला पीळ दिला. ते वाट दाखवायला बरोबर निघाले आणि मला धीर आला.

घाट ओलांडून आम्ही कोयनेच्या खोऱ्यात उतरलो. वैशाख होता, पण रान असं दाट की ऊन खाली पोचत नव्हतं. एका घरी नाचणीची भाकरी मिळाली. ज्वारीवर वाढलेल्या तात्यांनी ती उलटसुलट चाचपली. "करपलीया व्हय?" घरधनीण म्हणाली, "आवं, रंगच तसा हाय. खाऊन तर बगा." तात्यांनी चार खाल्ल्या आणि पाचवी घोंगड्यात बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी जंगलात शिरलो. शेकरू (मोठी तांबडी खार) फांद्यांवरून उड्या मारत गेली. गव्यांचा कळप उतारावर उभा होता. मी बोट दाखवायचो, तात्या डोळा बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "काय तरी हाललं बगा." अस्वल सापडलं तरी यांना ते दिसणार कसं?

उन्हं कलली. गणपतराव पुढं, मी मध्ये, तात्या मागं, असे आम्ही परतत होतो. वाटेवर एक मोठा उंबर होता आणि खाली पिकल्या फळांचा सडा. त्या सड्यात काहीतरी काळं, केसाळ, मान खाली घालून खात होतं. ते फुरफुरत उठलं आणि माझे डोळे गच्च मिटले. ते मी मिटले नाहीत, आपोआप मिटले. पुढे काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला.

मग मागून तात्यांची काठी खटखटत माझ्या शेजारून पुढं गेली. "हुर्रर्र! कुनाचं रं हे मेंढरू चुकलंय? चल मागं! च्यक् च्यक्! एवढं माजलंय, मालकानं दोन वरसं लोकर काडली न्हाई वाटतं!" काठी जमिनीवर आपटली. हाताच्या अंतरावर कुणीतरी जोरानं श्वास सोडला. माझ्या तोंडून रामनामसुद्धा फुटेना. मग पाचोळा वाजला, झुडपं मोडली आणि सगळं शांत झालं.

डोळे उघडले तर गणपतराव गवतात पालथे पडलेले, तोंड मातीत. "गोळी आली की आसंच पडायचं आस्तंय," ते उठत म्हणाले. उंबराखाली ओल्या मातीत पाऊल उमटलं होतं, माणसासारखंच, पण पुढं लांब नखांचे चरे.

"तात्या, ते अस्वल हुतं," गणपतराव म्हणाले.

"म्हाताऱ्याची थट्टा करता व्हय?"

मी त्यांचा हात धरून त्यांची बोटं त्या चऱ्यांवरून फिरवली. तात्या मटकन खाली बसले. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं मेंढरू, म्हनून नीट बगितलं न्हाई वं. तुमी सांगा, जावईबापू. तोंड कसं हुतं?"

मी गणपतरावांकडे पाहिलं. त्यांनी मिशीतली माती झटकली.

"तात्या, मी डोळे मिटले होते."

"आन् तुमी वं, शिपाई?"

"म्या पालता पडलो हुतो."

तात्या आळीपाळीनं आमच्या दिशेनं बघू लागले. मग म्हणाले, "थांबा. तोंड पांढुरकं हुतं. मुस्कट लांबुडकं. छातीवर काय तरी फिक्कट झळाकलं. आन् माज्याकडं आसं बगितलं त्यानं, जसं काय वळकच हाय." बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला, आणि मला एकाएकी रडू आलं.

आटपाडीत मोटार थांबली तेव्हा सगळी आळी जमली होती. सासूबाई पुढं आल्या. तात्यांना विचारायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "कसं हुतं वं, जावईबापू?"

मी म्हणालो, "तात्यांना विचारा. आम्हा तिघांत पाहिलं ते त्यांनीच."