कुंपणाबाहेरचा झेलिग

एकोणीस वर्षं मी विद्यापीठातल्या पोरांना बेत शेआरीमच्या गुहा दाखवायला नेते आहे, आणि बस नेहमी झेलिगच चालवतो. सत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी वळणावर एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात सूर्यफुलाच्या बिया. मी ओरडते, तो ऐकत नाही.

गुहांत जुनी थडगी आहेत, म्हणून झेलिग आत कधीच आला नाही. तो कोहेन, आम्हा ज्यूंच्या प्राचीन मंदिरातल्या पुरोहितांच्या वंशातला. कोहेनानं थडग्यांजवळ जायचं नसतं. आम्ही आत, तो बाहेर झाडाखाली. "महाराज, बसा सावलीत," असं मी दर खेपेला चिडवायची. आता त्या चिडवण्याची लाज वाटते.

अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको पेर्ला गेली. मूलबाळ नाही. बायकोला माती द्यायला कोहेनाला मुभा असते, पण त्यानंतर कबरीवर जाता येत नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी तो दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभा राहून तिला आठवड्याची हकीकत सांगायचा.

"इतक्या लांबून ऐकू जातं का रे तिला?" मी एकदा विचारलं.

"जवळ होती तेव्हा तरी कुठं ऐकायची," तो म्हणाला. पण हसला नाही.

या वसंतात नोगा नावाच्या मुलीला गुहेत गुदमरायला लागलं, म्हणून ती बाहेर येऊन झेलिगशेजारी बसली. वहीत गुहेत कोरलेल्या सिंहांची, दीपदानांची चित्रं काढू लागली. ते बघून झेलिगनं फोन पुढे केला. रुमानियात जाऊन आलेल्या पुतण्यानं त्याला एका थडग्याचा फोटो पाठवला होता.

"हा माझ्या बापाचा बाप. वर आम्हा कोहेनांचे आशीर्वादाचे दोन पंजे कोरलेत ना, ते बघ. मला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही."

नोगानं फोटो मोठा केला. "पंजे नाहीत, झेलिग. झारी आहे."

"डोळे उघडून बघ गं!"

"झारीच आहे. आणि नावापुढे लेवी लिहिलंय. म्हणजे कोहेनांच्या हातावर पाणी घालणारे. तू कोहेन कुठून झालास?"

"आजोबा कोहेन होते. त्यांनीच वाढवलं मला."

"कुठले आजोबा?"

"आईचे वडील."

मी नुकतीच पोरांना घेऊन बाहेर आले होते. सगळं ऐकलं. हा वंश बापाकडून येतो, आईकडून नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण झेलिगचा बाप तो तीन वर्षांचा असताना गेला. ज्यानं बोट धरलं, त्याचंच सगळं त्यानं आपलं मानलं. पुढे कुणी खोदून विचारलं नाही. पोरांना वंशावळी शिकवणाऱ्या मीही नाही.

"लेवीला कबरीपाशी जाता येतं का?" त्यानं मला विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"येतं."

तो बसमध्ये जाऊन बसला. पोरांना उतरवल्यावर त्यानं बस थेट दफनभूमीच्या फाटकाशी नेली. ऊन कलत होतं.

"जा ना," मी म्हटलं.

"काय तोंडानं जाऊ? अकरा वर्षं इथं येऊन परत गेलो. तिला वाटलं असेल, याला आत यायचंच नाही."

"असं कसं वाटेल तिला?"

"तू आधी जा. सांग तिला, मला माहीत नव्हतं."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी गेले. सातव्या रांगेत पेर्लाचं नाव सापडलं. पावसापाण्यानं काळवंडलेला दगड, त्यावर भेटीला आलेला माणूस ठेवून जातो तसला एक खडाही नव्हता.

"पेर्ला," मी मोठ्यानं म्हणाले, "त्याला माहीत नव्हतं गं."

मग वळून त्याला हात केला. झेलिग फाटकातून चार पावलं आत आला, आणि तिथंच थांबून तिला या आठवड्याची हकीकत सांगू लागला.