नानांचा दुसरा कान

छोट्या कंपन्यांच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांना उज्ज्वल भवितव्य आहे, हे मत मी आजवर फक्त दोन माणसांना पटवू शकलो. एक मी स्वतः आणि दुसरा मला तो कॅमेरा विकणारा दुकानदार. (आता वाटतं, त्यालाही पटलं नसावं. पटलं असतं तर त्याने विकला कशाला असता!)

गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. मी जळगावच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत कुणी विचारत नाही, म्हणून मी कॅमेऱ्यांवरची मासिकं वाचून तज्ज्ञ झालो होतो. त्या काळी अर्ध्या फ्रेमचे कॅमेरे मिळायचे. एका रोलमध्ये दुप्पट फोटो, पण प्रत्येक फोटोला जागा निम्मी. फुल फ्रेमवाला मात्र रोलची अख्खी चौकट वापरायचा. आता फुल फ्रेम घ्यायचा तर बड्या परदेशी कंपनीचा घ्यावा लागे आणि तो घ्यायचा तर मला शाळाच विकावी लागली असती! तेवढ्यात नव्या बाजारातल्या एका दुकानात मला ‘संजय’ दिसला.

‘संजय’ हे कॅमेऱ्याचं नाव. कुठल्याशा शेडमध्ये एक लहानशी देशी कंपनी तो बनवायची.

“सर, मोठी कंपनी नाव विकते, छोटी कंपनी कॅमेरा विकते!” दुकानदार म्हणाला. “आणि याच्यात काही अडकतच नाही. ते फॉरेनचे कॅमेरे असतात ना, रोल पुढे सरकवला नाही तर बटणच दाबू देत नाहीत. हा बिचारा कधीही दाबा, कितीही दाबा!”

हा दोष आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला तो स्वभाव वाटला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी जाहीर केलं की मोठ्या कंपन्यांचे दिवस भरले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, “एक दिवस कॅमेऱ्यातला रोलसुद्धा जाणार! त्या जागी इलेक्ट्रॉनिक तुकडा बसणार. तोही फुल फ्रेम आणि तोही छोट्याच कंपनीचा!”

“मग फोटो धुवायचे कुठे?” गणिताच्या सरांनी विचारलं. “वॉशिंग मशीनमध्ये?”

घरी कुमुदने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. “अहो, याचं झाकण आपल्या मसाल्याच्या डब्याला बसेल,” ती म्हणाली. बायकोने केलेलं मूल्यमापन नवऱ्याने मनावर घ्यायचं नसतं, म्हणून मी घेतलं नाही.

आता आमच्या घरातलं कुरुक्षेत्र सांगतो. माझे वडील, म्हणजे आबा, दोंडाईचाजवळच्या आमच्या गावी शेती करायचे. त्यांचे धाकटे भाऊ नाना नोकरीसाठी धुळ्याला राहायचे. दोघे सख्खे भाऊ, पण कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण जमिनीचं असतं तर सांगताना मान तरी राहिला असता. कारण होतं वांगं! मळ्यात भरीत पार्टी चालली होती, आबांनी स्वतः पिकवलेली वांगी काट्याकुट्यांवर भाजली होती आणि पंचवीस-तीस पाहुण्यांच्या देखत नाना पहिला घास घेऊन म्हणाले, “हाई वांगं नही, बियासना डबा शे! भरीत खावं ते असोदानं!”

जळगावजवळच्या असोद्याच्या वांग्यांचं हे कौतुक ऐकून आबांनी ताट बाजूला सारलं. पुढच्या श्रावणात नानांनी धुळ्याला स्वतःची वेगळी कानबाई मांडली.

खान्देशात वेगळी कानबाई मांडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी चौरंगावर बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू घेऊन त्याचे रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या, करतात. ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ज्याची मूठ तुमच्या सुपात पडत नाही, तो तुमचा भाऊ राहिला नाही!

मी ‘संजय’ घेतला त्या वर्षी मात्र आई आणि काकूंनी काय फिरवाफिरवी केली देव जाणे, नाना यायला तयार झाले. अट एकच. सगळ्या भाऊबंदांचा कानबाईसमोर एकत्र फोटो काढायचा, दोन प्रती करायच्या, एक गावी लावायची आणि एक धुळ्याला. लोकांना दिसलं पाहिजे!

“फोटोवाला दोंडाईचाथून बलावू,” आबा म्हणाले.

“आबा, घरात फुल फ्रेम असताना बाहेरचा माणूस कशाला?” मी म्हणालो.

आबांनी ‘संजय’कडे पाहिलं. “हाऊ डबडा कोठून आना रे तू?”

रविवारी नानांच्या नावाची मूठ आमच्या सुपात पडली तेव्हा आईचे डोळे भरून आले. खरं सांगायचं तर माझेही आले. लहानपणी मला खांद्यावर बसवून दोंडाईचाच्या बाजाराला नेणारे नाना आमच्या ओट्यावर पुन्हा पाय दुमडून बसले होते. मी मनाशी ठरवलं, हा फोटो असा काढायचा की हे दोघे पुन्हा वेगळे होता कामा नयेत.

सोमवारी सकाळी विसर्जनाआधी सगळे अंगणात जमले. मध्ये कानबाई, डाव्या टोकाला खुर्चीत आबा, उजव्या टोकाला खुर्चीत नाना, मागे बाकीची भाऊबंदकी. मी खिडकीला डोळा लावला. (कॅमेऱ्याच्या. घराच्या लावला असता तरी निकाल तोच लागला असता.) सगळे दिसत होते. सगळेच नव्हे, शेजाऱ्यांची म्हैससुद्धा दिसत होती! मी म्हणालो, “बघा, याला म्हणतात फुल फ्रेम!” आणि बटण दाबलं. कानबाई वाजतगाजत नदीवर गेली. नाना आपल्या वाट्याचे रोट डब्यात घेऊन धुळ्याला गेले. त्यांच्याबरोबरच मीही निघालो, रोल धुळ्याच्याच कलर लॅबमध्ये टाकला आणि फोटो येईपर्यंत नानांकडेच मुक्काम केला.

फोटो आला. आबा झकास आले होते. कानबाई सुरेख आली होती. म्हैस आली होती. आणि उजव्या कडेला खुर्चीचा एक हात, अर्धी मिशी आणि एक कान असे नाना आले होते.

लॅबवाल्याने ‘संजय’ हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, “सर, याची खिडकी बघते एकीकडे आणि काच बघते दुसरीकडे.”

घरी येऊन मी फोटो लपवायच्या आत नानांनी तो घेतला.  मग शांतपणे विचारलं,

“मना दुसरा कान कोठे शे?”

“नाना, तांत्रिकदृष्ट्या तो आलेला आहे. फक्त चौकटीबाहेर...”

“बठ्ठा लोक आख्खा शेतस. म्हैस आख्खी शे! मीच कसा अर्धा?” नाना उठून उभे राहिले. “हाई आबानंच काम शे! पोऱ्याले सांगीसन माले कापी टाकं!”

महाभारतातल्या संजयने युद्ध नुसतं दाखवलं होतं. माझ्या संजयने ते लावून दिलं!

नानांनी रोटांचा डबा उचलला, एस.टी. धरली आणि थेट गावी येऊन तो आबांच्या पुढ्यात ठेवला. मी मागोमाग होतोच.

“तुमना रोट तुमले. पुढला साल मी मनी कानबाई येगळी मांडसू.”

आबांचा चेहरा पांढरा पडला. “रोट परत आना? कानबाईना रोट?”

 कानबाईचा रोट परत केल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. पौर्णिमा जवळ आलेली. तोवर नानांच्या वाट्याचे रोट नानांनी खाल्ले नाहीत तर भाऊपण कायमचं संपलं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. जमीन दुभंगली असती तर मी ‘संजय’सकट आत गेलो असतो.

“मी पुन्हा काढतो,” मी म्हणालो. “या वेळी नाना डावीकडे, आबा उजवीकडे.”

“म्हणजे या वेळी मामंजींचा कान जाईल,” कुमुद म्हणाली.

आबांनी मान वर केली. “जाऊ दे! मना बी कान काप. हिसाब बरोबर व्हई जाई!”

यावर अंगणात जी चर्चा झाली, ती मी जन्मात विसरणार नाही. माणसं जमिनीच्या वाटणीवरून भांडतात, आमच्याकडे कानांची वाटणी चालली होती! शेवटी असं ठरलं की आधी नाना डावीकडे बसतील आणि आबांचा कान जाईल. मग जागा बदलून आबा डावीकडे बसतील आणि नानांचा जाईल. दोन फोटो, दोन कान, कुणावर अन्याय नाही. मी दुसरा कॅमेरा आणायचं सुचवलं तर आबा म्हणाले, “नही! हाऊच डबडा पाहिजे. जठे कान गया, तठेच न्याव व्हई!”

मी पहिला फोटो काढला. दोघांनी उठून खुर्च्या बदलल्या. ओलांडून जाताना दोघांचे खांदे घासले, पण कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मी दुसरा फोटो काढला. कानांच्या हिशोबात मी इतका गुंतलो होतो की मधल्या वेळात रोल पुढे सरकवायचा असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बड्या कंपनीच्या कॅमेऱ्याने बटण दाबू दिलं नसतं. ‘संजय’ मात्र स्वभावाने मोकळा होता!

पौर्णिमेच्या दिवशी मी धुळ्याहून पाकीट घेऊन गावी पोचलो. दोन फोटो अपेक्षित होते. पाकिटात एकच होता. मी तो एस.टी.त पाहिला होता आणि तेव्हापासून दोंडाईचाला न उतरता तसंच पुढे सुरतेला जावं की काय, हा विचार करत होतो. दोन्ही फोटो एकमेकांवर छापले गेले होते. उजव्या कडेला दोघांचे अर्धे-अर्धे अवशेष आणि डाव्या खुर्चीत एकच माणूस. त्याला आबांची मिशी होती, नानांचं कपाळ होतं, एकाची टोपी दुसऱ्याच्या टकलात विरघळली होती आणि धोतराच्या आरपार खुर्ची दिसत होती.

ओट्यावर आबा आणि नाना दोन टोकांना बसले होते. मध्ये डबा. मी फोटो दोघांच्या मध्ये ठेवला आणि पळायला सोपं जावं म्हणून चपला काढल्या नाहीत.

दोघे वाकले. एकाच वेळी वाकल्याने त्यांची डोकी आपटली. 

नानांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “आबा... हाऊ ते आपला बापू शे.”

बापू म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. नाना लहान असतानाच ते गेले. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता, काढलाच नव्हता कधी. आबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. 

“नाक तेच शे,” आबा म्हणाले. “नजर बी तीच शे.”

“कानबाईसोबत आले ते,” काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या. “पोरं भांडतात म्हणून आले.”

माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. “आबा, त्याचं काय झालं, रोल पुढे न सरकवता दोनदा...” कुमुदने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य डोळ्यांतून पाण्यावाटे बाहेर पडलं. ते पाहून आबांना वाटलं, बापूंना पाहून मलाही भरून आलंय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच!

नानांनी डबा उघडला. रोट वाळून कौलासारखे झाले होते. त्यांनी त्यातला एक दोन्ही हातांनी जोर लावून मोडला आणि अर्धा आबांच्या हातात ठेवला.

“सूनबाई, दूध आन,” आबा म्हणाले. “दोन्हीसले एकच ताट आन.”

चंद्र वर यायच्या आत डबा रिकामा झाला. पुढच्या मोसमात नानांनी आबांच्या मळ्यातली वांगी धुळ्याला नेली आणि बिया आहेत म्हणाले, पण हळू म्हणाले.

‘संजय’ची कंपनी पुढे लवकरच बुडाली. मला तो विकणारा दुकानदार कुकरच्या रिंगा विकायला लागला आणि मी त्या घ्यायलाही गेलो नाही. पण तो फोटो मात्र मोठा करून, हार घालून दोन्ही घरांत लागला. त्यात बापूंच्या डोक्यावर, वरच्या कोपऱ्यात, एक गुलाबी गोलसर ढग आहे. काकू सांगतात ते कानबाईचं तेज. लॅबवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तो काचेवर आलेला माझा अंगठा आहे. हे घरात कुमुदला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही. दर श्रावणात अख्खी भाऊबंदकी रांगेने येते, बापूंना नमस्कार करते आणि त्या तेजाला हळदकुंकू वाहते. रांगेत मीही असतोच. जगात एवढे मोठमोठे फोटोग्राफर होऊन गेले, पण दरवर्षी स्वतःच्याच अंगठ्यापुढे नाक घासणारा मी एकटाच!