शेवटचं बटण

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. विषय निघाला की मी पोह्यांवर जास्तीची शेव मागून घ्यायचो.

आमच्या वॉर्डात पार्षद, म्हणजे नगरसेवक, एकाच घरातला. आधी सेठजी, मग मुलगा, आणि महिलांसाठी राखीव झाल्यावर सूनबाई. नावापुरते एकदोघे सोडले, तर समोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. मतदानाआधी त्यांच्याकडून घरोघरी लाडवांचे डबे यायचे. बँकेतून निवृत्त झालेला मी, रिकामटेकडा. पोह्यांच्या दुकानात एक घोषणा सोडून दिली: "लड्डू खाओ, आखिरी दबाओ!" मतदान यंत्रावरचं शेवटचं बटण, म्हणजे यांपैकी कोणीही नको. घोषणा अशी चालली की रामघाटावरचे पंडे-पुजारीही यजमानाला गंध लावता लावता ती कानात सांगू लागले. "काका साब, मजा आ गया!" मला गल्लीतून चालताना छाती काढावी लागायची.

आणि मग शेजारच्या वहिनी उभ्या राहिल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, अर्ध्या गल्लीला पाढे शिकवलेल्या. चिन्ह मिळालं पंखा.

"भाऊजी, तुमच्या भरवशावर आहे हो."

"वहिनी, बिनधास्त!" मी म्हणालो.

आता घोषणा मागे घ्यायला हवी होती. दुकानात गेलोही. पण कुणीतरी ओरडलं, "काका साब, एक बार और!" आणि मी ती दिली. चक्क हात वर करून. मतदानाच्या दिवशी मी स्वतः मात्र गुपचूप पंखा दाबून आलो.

सूनबाई जिंकल्या. शेवटच्या बटणाची मतं वहिनींना पडली असती, तर त्या आरामात निवडून आल्या असत्या.

"सेठजींना घाबरले असते तर समजलं असतं," वहिनी म्हणाल्या. "पण 'कोणीही नको'? म्हणजे मीही नको? मी शिकवलेल्या माझ्याच मुलांना?"

घोषणा कुणाची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "लोकांचं काय घेऊन बसलात!"

त्यानंतर त्या गल्लीत कुणाशी बोलेनाशा झाल्या. थोड्याच दिवसांत मुलीकडे इंदूरला निघाल्या. देवास गेटच्या बस स्टँडवर त्यांची बॅग मीच बसमध्ये चढवली.

"तुम्ही एकटेच माझ्या बाजूने होतात, भाऊजी," त्या खिडकीतून म्हणाल्या.

कंडक्टर "इंदौर, इंदौर" ओरडत होता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाण्याची बाटली घेतली ना?"

म्हणायचं होतं ते असं: वहिनी, मुलांनी तुम्हाला नाकारलं नाही. त्यांनी माझं ऐकलं. मला माफ करा.