क्लाराबाईंचे पाय

कुंडपाड्याच्या नंदाला कुणी विचारलं, बाई, तू करतेस काय, तर ती म्हणायची, पाय चोळते. झालं, संपलं तिचं पुराण. पण तीस वर्षं ती हेच करत होती, आणि असं चोळायची की ठाण्या-कल्याणची माणसं गुडघे धरत यायची आणि चालत जायची. गाव चिमूटभर. तीन बाजूंना डोंगर, सागाचं रान, आणि ओढ्याच्या काठाला गरम पाण्याची तीन कुंडं. खालचं कोमट, मधलं कढत, आणि वरचं असं, की भलाभला माणूस वीस आकडे मोजायच्या आत पाय बाहेर काढील. कुठलं पाणी कुठल्या दिवशी किती तापलंय, हे नंदा कोपर बुडवून सांगायची.

तर अशा या नंदाच्या पोटात गेल्या दसऱ्यापासून दुखायला लागलं. दुखण्याचं नाव अमृता.

अमृता ही शेजारच्या महिपतची मुलगी. पोटरी कुठून धरायची, टाचेवर अंगठा कसा फिरवायचा, सगळं तिला नंदानेच शिकवलेलं. मग ती गेली घोडबंदर रोडला, कुठल्याशा टॉवरमधल्या स्पामध्ये. चार वर्षांनी परत आली ती काळा टी-शर्ट घालून, पांढरे टॉवेल आणि घडीची खुर्ची घेऊन, आणि बसली कुठे, तर नंदाच्या ओट्यापासून वीस पावलांवर. अख्खा डोंगर मोकळा पडला होता, पण नाही! नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, ते तेल नव्हे, नुसतं वासाचं पाणी आहे. लोक ऐकून घ्यायचे आणि अमृताच्या खुर्चीत जाऊन बसायचे. अमृता गोड बोलायची. मॅडम, कसं वाटतंय, अजून जोर देऊ का, असं दर मिनिटाला विचारायची. विचारायचं काय त्यात? नंदाने जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. ती कातडीचा रंग बघायची.

एकेक जण गेला, नंदाने गिळलं. तिचा जीव अडकला होता तो क्लाराबाईंमध्ये.

क्लाराबाई कळव्याच्या. केव्हिन पोटात असताना सुजलेले पाय घेऊन पहिल्यांदा आल्या, आणि आता तोच केव्हिन गाडी चालवत त्यांना दर दुसऱ्या शुक्रवारी आणत होता. चोवीस वर्षं झाली. नाताळात त्यांच्या फराळाचा पहिला डबा नंदाचा. नंदाचा नवरा गेला तेव्हा गावातल्या बायका तोंडदेखल्या येऊन गेल्या, पण क्लाराबाई दुखरे गुडघे दुमडून जमिनीवर दोन तास बसून राहिल्या होत्या. नंदाला सख्खी बहीण नव्हती. क्लाराबाई माझ्या, असं ती उघड म्हणायची.

आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी क्लाराबाई गाडीतून उतरल्या आणि ओट्याकडे यायच्या ऐवजी थांबल्या. केव्हिनने मोबाइलवर अमृताचं काहीतरी बघितलं होतं आणि परस्पर वेळ ठरवून टाकली होती. बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, "एकदा बघते गो नंदा. पोराचं मन मोडवत नाय."

"बघा की," नंदा म्हणाली. आतून भाजून निघाली होती, पण हसली.

ओट्यावर बसून ती बघत राहिली. अमृताने क्लाराबाईंचा हात धरला आणि त्यांना वर नेलं, वरच्या कुंडाकडे. नंदा अर्धवट उठली.

कारण एक गोष्ट एकट्या नंदाला ठाऊक होती. मागच्या पावसाळ्यात क्लाराबाईंच्या टाचेत बाभळीचा काटा रुतलेला तिला दिसला होता. सुईने उकरून काढला, रक्त आलं, आणि क्लाराबाई केव्हिनच्या नोकरीचं सांगत राहिल्या. त्यांना पत्ताच नव्हता. साखरेच्या आजाराने पायांतली जाणीव गेली होती. त्या दिवसापासून नंदा त्यांना खालच्या कुंडापलीकडे जाऊ देत नसे. पण सांगितलं नाही, त्यांनाही नाही आणि केव्हिनलाही नाही. घाबरतील, असं ती मनाशी म्हणायची. खरं ते वेगळंच होतं. हे आपल्यालाच माहीत आहे, म्हणजे या पायांना आपल्यावाचून गत नाही, यात तिला सुख होतं.

क्लाराबाईंनी पाय सोडले. पाणी ठीक आहे ना, अमृताने विचारलं. मस्त आहे, क्लाराबाई म्हणाल्या. वीस आकडे होऊन गेले. अमृताने पुन्हा विचारलं. मस्तच की, पुन्हा तेच उत्तर.

नंदा खाली बसली. हो, बसली! एक हाक मारायची होती, वीस पावलांवर. पण तिच्या मनात आलं, येऊ देत दोन फोड. दोनच. म्हणजे कळेल, कोण चोळतं आणि कोण नखरे करतं. तिने तेलाची बाटली उगाच पुसली, पुन्हा पुसली. मान वर केली तेव्हा पाण्यात पाय शिजल्यासारखे लाल दिसत होते.

मग मात्र ती धावली. अमृताला ढकलून तिने पाय ओढून बाहेर काढले. टाचेची कातडी तिच्या हाताला चिकटून आली. अमृता किंचाळली. क्लाराबाई मात्र स्वतःच्या पायांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघत होत्या.

पुढचं गावाने पाहिलं. दवाखाना, केव्हिनचा संताप, अमृताची मिटलेली खुर्ची. परत घोडबंदरला निघायच्या सकाळी अमृता नंदाच्या दारात आली. डोळे सुजलेले.

"मावशी, मी दोनदा विचारलं होतं त्यांना. पायांना काही कळत नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं ना?"

"नाही गं," नंदा म्हणाली. "कुणाला माहीत असणार?"

दोन महिन्यांनी जखमा भरल्या, तेव्हा केव्हिनच नंदाला न्यायला आला. कळव्याच्या घरी क्लाराबाईंनी तिला पलंगावर शेजारी बसवलं, तोंडावरून हात फिरवला.

"देवाने तुला धाडली गो. तू धावलीस म्हणून पाय राहिले. आता मरेपर्यंत यांना तुझ्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाय."

चोवीस वर्षांत नंदाने दुसरं काही मागितलं नव्हतं. तिने पाय मांडीवर घेतले, तेल लावलं, अंगठा टेकवला. हलकेच दाबला. मग जोर केला. मग होता नव्हता तेवढा जोर लावला. क्लाराबाई खिडकीबाहेर बघत केव्हिनच्या लग्नाचं बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "कर ना गो सुरुवात, कसली वाट बघतेस?"