नाळेवरचं थिगळ

मासा मिळेना म्हणून बाबांनी आमची बोट मोडीत काढली. तिच्याच एका फळकुटातून त्यांनी हुबेहूब तिच्यासारखी हातभर होडी कोरली. नारळी पौर्णिमेला हार त्या होडीलाच. खरी राहिली होती कुठं! पुढे साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले, तेव्हापासून होडी मांडीवर घेऊन ते ओट्यावर बसायचे, बोटं फिरवत.

मी पडलो कंपनीवाला. कुंभवलीला बफिंगला, स्टील घासून चकाचक करायचं. समुद्रात गेलो दोनदा, दोन्ही वेळा ओकत आलो. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत, आणि त्याचाच मला राग यायचा. होडीला वाळवी लागली तेव्हा म्हटलं, आता दाखवतोच, माझ्याही हातात काही आहे.

वाळवी काढतो सांगून होडी घेतली आणि मोबाइलवर बघून शिकलो. किडकं कोरलं, भुसा आणि गोंद भरला, बांबूच्या काडीची नवी डोलकाठी बसवली. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, डावीकडे एक टेंगूळ होतं. म्हाताऱ्याचा हात चुकला असेल, असं धरून मी ते पॉलिश पेपरनं घासलं. तीन रविवार घासलं.

"विचारा तरी त्यांना," बायको म्हणाली.

"गप गं! खूश होतील."

अक्कल गहाण टाकली होती मी.

झाली तशी होडी बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा अंगठा सरळ नाळेवर गेला. मागे आला, पुन्हा गेला.

"थिगळ कुठं हाय?"

आमची खरी बोट पूर्वी खडकावर आपटली, तेव्हा माझा थोरला भाऊ पाण्यात गेला तो गेलाच. बाबा एकटे परतले. फुटलेल्या नाळेवर त्यांनी स्वतः फळी ठोकली आणि सुताराला ती कधी बदलू दिली नाही. मला हे सगळं ठाऊक होतं हो! पण तेच थिगळ त्यांनी होडीवरही कोरलं असेल, हे या गाढवाला सुचलं नाही. ते रोज तिथंच हात ठेवून बसायचे.

"बाबा, आपलीच हाय ती."

त्यांनी आणखी एकदा चाचपलं आणि होडी माझ्याकडे धरली.

"बरी केलीय कोनी तरी. पन आपली नाय. ज्याची असंल त्याला देऊन ये."