आलेटा आणि आकडे घातलेली करडं

एकवीस करडांच्या ढुंगणांवर मी लाल रंगाने आकडे काढले आणि दोन पावलं मागे सरून ते काम डोळे भरून पाहिलं. रंग शाळेच्या फाटकाचा, उरलेला. आकडे सुबक. वहीत प्रत्येक आकड्यासमोर आईचं वर्णन: सात म्हणजे तपकिरी, पांढऱ्या कानाची, अठरा म्हणजे मोडक्या शिंगाची. आता करडू कुणाचं हे कळायला कुणाच्या स्मरणशक्तीच्या पाया पडायला नको होतं. कुणाच्या म्हणजे आलेटाच्या.

दुपार कलल्यावर शेळ्या डोंगरावरून उतरल्या. कास तटतटलेली, दगडी कुंपणाबाहेरूनच ओरडत आल्या. आत शिरून प्रत्येकीने आपलं करडू हुंगलं. शेळी कुठे हुंगते हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ती शेपटीखाली हुंगते, बरोबर जिथे मी आकडा काढला होता तिथे. एकेकीने नाक फेंदारलं आणि आपल्याच पोराला शिंगाने उडवून लावलं. क्षणात एकवीस करडं पोरकी झाली.

आमच्या रोईक्लूफ गावात घरं चाळीस, दुकान एक, आणि शुक्रवारी सामानाची पिकअप आली नाही तर नवी बातमीही नाही. रविवार होता. गाव चर्चच्या पायऱ्यांवरून उठून आमच्या कुंपणावर येऊन बसलं.

"अरे मास्तर, ही तर फुटबॉलची टीम! गोलकीपर कोण?"

"तो एकवीस नंबर. बघ ना, नुसता उभा राहून रडतोय."

"आणि कोच?"

"कोच तो, रंगाचा डबा घेऊन उभाय."

बारावीपर्यंत शिकलो म्हणून मी मास्तर. हे नाव कौतुकाचं नाही, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

माझा मामा, म्हणजे सगळ्या गावाचा काका, ऊम ओबेद, दोन काठ्या टेकत आला. गुडघे गेल्यापासून त्याला डोंगर चढवत नव्हता. इथला हिवाळ्यातला पाऊस सुरू व्हायच्या आत डोंगरावरचा शेळ्यांचा तळ आणि कळप कुणाच्या तरी हाती द्यायचा, हे त्याने ठरवलं होतं. सख्खा भाचा मी. त्यामुळे ते 'कुणाच्या तरी' मला अजिबात आवडलं नव्हतं. त्याने करडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तान्नी आलेटाला हाक मार," एवढंच म्हणाला.

तान्नी म्हणजे मावशी, पण ती कुणाची मावशी नव्हती. दुष्काळाच्या वर्षी नदीपलीकडून आली, एक गाढव आणि गुंडाळलेली गादी घेऊन. नवरा समुद्रकाठच्या हिऱ्यांच्या खाणीत कामाला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. हे ती "यंदा गवत कमी आहे" अशा आवाजात सांगते. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या शेळ्या राखल्या. इथे प्रत्येक घराची शेळीच्या कानावर कापायची खूण असते. हिची खूण नव्हती, कारण हिची शेळीच नव्हती. डोक्यावर पुरुषाची जुनी हॅट, तोंडात पाइप. शेळ्यांशी जिभेने टकटक आवाज करत जुन्या नामा भाषेत बोलते. शाळेने ती भाषा माझ्या तोंडातून काढून टाकली होती, त्यामुळे मामाच्या शेळ्या मला परक्या समजत आणि या बाईला घरची. आमचा कुत्रासुद्धा! भाकरी मी टाकायचो, शेपूट तिच्यापुढे हलवायचा. मामा तर चहाचा पहिला घोट घेतला की विचारायचा, "आलेटा काय म्हणते?" मी समोर बसलेलो असायचो, मी काय म्हणतो हे कधी नाही.

आलेटा आली. हसली नाही, रागावली नाही. एक करडू उचलून हुंगलं, थुंकली.

"कात्री आण. मेंढीच्या शेपटीची चरबी आण. आणि वही ठेव खिशात."

रंगलेले केस कापायचे, चरबीच्या फडक्याने उरलेला रंग पुसायचा, मग आईचं दूध काढून तिच्याच पिलाच्या शेपटीखाली चोळायचं. पुसायचं काम माझं. कुणाचं कोण, हे ती ठरवायची. करडू माझ्या हातातून घ्यायची, तोंडाकडे पाहायची आणि सरळ एका शेळीकडे चालू पडायची. मी चोरून वही उघडून पाहत होतो. सात, बरोबर. अठरा, बरोबर. तीन, तेही बरोबर. प्रत्येक बरोबरला मला एक टाचणी टोचत होती. जी शेळी एवढं करूनही ऐकेना, तिच्याजवळ आलेटा कुत्र्याला आणून उभी करायची. कुत्रा दिसला की शेळी सगळं विसरून पिलाच्या पुढे शिंगं रोखून उभी राहायची, आणि पिलू तोवर खालून लुचू लागायचं.

"बघ मास्तर, याला म्हणतात वही!" कुंपणावरून कुणीतरी ओरडलं. "तुझी चुलीत घाल."

तेवढ्यात मी चौदा नंबर पुसून तिच्या हातात दिला. राखाडी करडू. वहीप्रमाणे त्याची आई काळी, मानेवर पांढरा पट्टा असलेली. आलेटा त्याला घेऊन फाटक्या कानाच्या म्हाताऱ्या शेळीकडे गेली. थोड्या वेळाने दुसरं राखाडी करडू, नऊ नंबर, त्या काळीकडे.

चुकली! मी तोंड उघडलं आणि मिटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा आलेटा चुकली होती आणि ते जगात फक्त मला माहीत होतं.

दोन्ही शेळ्यांनी करडं झिडकारली. कुत्रा आणला तरी घेईनात.

"वास राहिला असेल," ती घाम पुसत म्हणाली. "आज जवळ बांधून ठेवू. सकाळपर्यंत घेतील."

"घेतील," मी म्हणालो. आवाज अगदी सरळ आला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

जेवताना मी सगळा हिशोब मांडला. सकाळी दोन करडं उपाशी दिसतील, मामा पाहील, आलेटाची नजर गेली असं गाव म्हणेल आणि तळ माझा. मी चक्क दोनदा रस्सा मागून घेतला.

उजाडायच्या सुमारास कुंपणात गेलो. विजय पाहायला, दुसरं काय. नऊ नंबर ओरडत तरी होता. चौदा आडवा पडला होता. करडाच्या तोंडात बोट घालून बघतात. तोंड गरम असेल तर जगेल. मी बोट घातलं. आत गार होतं. आणि त्या गार तोंडाने माझं बोट चोखायला सुरुवात केली.

"तान्नी!" मी ओरडलो. "तान्नी आलेटा! राखाडी करडांची अदलाबदल झालीय! हे त्या काळीचं!"

ती घोंगडी सोडून धावत आली. दोन्ही तोंडं पाहिली आणि कपाळावर हात मारला. काळीला धरलं, दूध सरळ चौद्याच्या तोंडात पिळलं. तिसऱ्या धारेला त्याने गिळलं. काळीने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि चाटायला लागली.

मामा आला तेव्हा दोन्ही करडं पीत होती.

"मी चुकले, ऊम ओबेद," आलेटाने आपणहून सांगितलं. "पोराने वाचवलं."

मामाने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. याच नजरेसाठी मी वर्षभर जळत होतो.

"तुला कधी कळलं?"

'आत्ता' हा शब्द जिभेवर तयार होता. पण बोट अजून ओलं होतं.

"काल."

आलेटा पाइप भरत होती. भरता भरता थांबली, पुन्हा भरू लागली.

"काल सगळेच थकले होते," ती म्हणाली.

"थकणं वेगळं, आलेटा. गप्प बसणं वेगळं."

मामाने खिशातून कान कापायची सुरी काढली आणि तिच्या हातात दिली. तळ तिचा, आणि दर वर्षीच्या करडांपैकी निम्मी तिच्या स्वतःच्या खुणेची. मी तिच्या हाताखाली. "शिकेल," मामा म्हणाला, जणू मी तिथे नव्हतोच. चौद्याच्या कानावर तिने पहिली खूण कापली. मला वाटलं होतं निदान ते करडू तरी माझं म्हणतील.

तिने मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी म्हणाली, "मास्तर, तुझ्या रंगकामात माझा रविवार गेला. एक रविवार तू देणं लागतोस. कळप तू राख. मी नदीवर जाईन, बहिणीकडे. पाण्यात पाय सोडून बसेन."

"पुढचाच घ्या की, तान्नी."

पुढच्या रविवारी माझं डोकं दुखलं. त्यानंतर चर्चमध्ये गाणाऱ्यांत माणूस कमी पडला. मग पाऊस आला. सात रविवार झाले. खरं सांगायचं तर, ती गेली की कळपातल्या सगळ्या शेळ्या नदीकडे तोंड करून उभ्या राहतील, माझ्याकडे एकही बघणार नाही, आणि हे बघायला गाव कुंपणावर येऊन बसेल.

आज शनिवार. तिने बूट घासून दारात ठेवलेत. मला सकाळपासून जरा कणकण वाटतेय.